प्रोग्रॅममध्ये ‘पाय’ची किंमत ४ येतेय? चूक बहुतेक एका टिंबाची आहे

कोऱ्हाळे बुद्रुकहून एसटीने बारामतीच्या कॉलेजला जाणारा फर्स्ट इयरचा एखादा पोरगा डोळ्यासमोर आणा. उद्या सी भाषेचं प्रॅक्टिकल, प्रोग्रॅम ‘पाय’ची किंमत काढायचा. सूत्र सोपं आहे: १ − १/३ + १/५ − १/७ असं करत जायचं आणि शेवटी ४ ने गुणायचं. एरर एकही नाही, पण रन केलं की उत्तर येतं ४.

असं का होतं?

सी मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की दशांशाचा भाग गळून पडतो. १ भागिले ३ म्हणजे ०, १ भागिले ५ म्हणजेही ०. उरतो फक्त पहिला १, त्याची चौपट ४. वर १ ऐवजी १.० लिहिलं की झालं. (पायथन २ मध्येही हा घोळ व्हायचा, पायथन ३ मध्ये होत नाही.)

उत्तर नुसतं वाढतच चाललंय? मग अधिक-उणे आलटून पालटून होत नाहीये. उणे ०.८५८ च्या आसपास अडकलंय? लूप ० ऐवजी १ पासून सुरू झालाय, पहिलं पदच सुटलंय.

खरी गंमत यानंतर आहे. सगळं दुरुस्त करूनही १००० पदांनंतर येतं ३.१४०५९२६५३८, आणि खरा पाय आहे ३.१४१५९२६५३५. इथे बरेच जण वैतागून बरोबर असलेला कोड खोडतात! कोडमध्ये काही चूक नाही, सूत्रच संथ आहे. फरक साधारण १ भागिले पदांची संख्या इतका राहतो. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त ३९२७/१२५०, म्हणजे ३.१४१६ ही किंमत दिलीये. (त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणचा.) पायच्या तितकं जवळ जायला या सूत्राला सुमारे १ लाख ३६ हजार पदं लागतात.

मग उपाय काय?

लाइबनिट्झच्या नावाने शिकवलं जाणारं हे सूत्र केरळमधल्या माधवाच्या परंपरेत त्याच्या कितीतरी आधी होतं. त्या मंडळींनी दुरुस्तीही सांगून ठेवलीये: मागे राहिलेल्या फरकाचा अंदाज शेवटी मिळवून टाका. १००० पदांच्या उत्तरात ०.००१ मिळवलं की येतं ३.१४१५९२६५३८, दशांशाचे पहिले नऊ अंक बरोबर. पदं विषम असतील तर मिळवायच्या ऐवजी वजा करायचं. फक्त व्हेरिएबल फ्लोट नाही, डबल घ्यायचा, आणि प्रिंट करताना दशांशाचे १० अंक मागायचे, नाहीतर सी सहाच दाखवतं.