दाढी करताना कातडी कशी जपावी?

मिसरूड फुटलेल्या मुलाला अभ्यास, व्यायाम, संगत यांविषयी घरातले सगळेजण सांगतात. दाढी कशी करावी हे मात्र सहसा कोणी शिकवत नाही. वडिलांचा रेझर गुपचूप घ्यायचा, अंघोळीच्या साबणाचा हात गालावरून फिरवायचा आणि कॉलेजची वेळ झाली म्हणून तीन मिनिटांत उरकायचे, अशीच पुष्कळांची सुरुवात होते. मग मानेवर लाल पुरळ उठते, आग होते, पुटकुळ्या येतात. ‘माझी कातडीच नाजूक’ किंवा ‘ब्लेड चांगले मिळत नाहीत’ अशी कारणे मग पुढे केली जातात. खरे कारण बहुधा ब्लेड गालाला लागण्याच्या आधीच्या दोन-तीन मिनिटांत दडलेले असते.

कोरडा केस राठ असतो. पाणी शोषले की तो फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो; पण त्याला वेळ लागतो. चेहऱ्यावर नुसते पाणी शिंपडून हे काम होत नाही. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी ब्लेड बोथट होते कसे, याचा शोध अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेतील संशोधकांनी घेतला आणि २०२० साली तो प्रसिद्ध झाला. कापला जाताना केस वाकतो आणि पात्याच्या धारेचे अगदी बारीक टवके उडवतो, असे त्यांना आढळले. टवके उडालेले पाते कापण्याऐवजी ओढते. ओढले की आपण नकळत जोर लावतो, आणि तो जोर कातडीच्या वरच्या थरावर जातो. प्रत्येक दाढीत थोडी कातडी खरवडली जातेच. ती किती खरवडायची, हे आपल्या हातात असते.

म्हणून दाढी शक्यतो अंघोळीनंतर करावी. ते जमत नसेल तर कोमट पाण्याने चेहरा धुऊन ओला टॉवेल दोन मिनिटे गालांवर धरावा. तेवढ्या वेळात ब्रश कोमट पाण्यात भिजत ठेवावा. नंतर ब्रश हलकेच झटकून दाढीच्या साबणावर अर्धा मिनिट गोल फिरवावा आणि मग चेहऱ्यावर, त्याच गोल गतीने. फेस कोरडा वाटला तर ब्रशचे टोक पाण्यात बुडवून पुन्हा फिरवावे. नवशिक्यांची चूक इथेच होते. मोठे मोठे बुडबुडे आले की त्यांना वाटते फेस झाला. खरा फेस घट्ट, चकचकीत आणि बुळबुळीत असतो, ताज्या सायीसारखा. असा फेस केसाशी पाणी धरून ठेवतो आणि पात्याखाली निसरडा थर देतो. ब्रशने केस उभे राहतात, हा आणखी एक फायदा.

अंघोळीचा साबण या कामाचा नाही. त्याचा फेस लवकर विरतो आणि कातडीवरचे तेल मात्र तो धुऊन काढतो. आपल्याकडे बोअरचे पाणी वापरणाऱ्यांची तक्रार वेगळीच असते: कितीही घासले तरी फेस येत नाही. अशा जड पाण्यातील चुना साबणाशी मिळून पांढरा साका तयार होतो. दोष साबणाचा नसतो. नळाचे किंवा साठवलेले पावसाचे तांब्याभर पाणी दाढीसाठी बाजूला ठेवले की फरक लगेच कळतो.

आता रेझर. एका पात्याचा, दोन्ही बाजूंनी धार असलेला साधा सेफ्टी रेझर शिकायला चांगला. त्याची टोपी गालाला टेकवून दांडा आडवा धरावा आणि हळूहळू खाली आणावा. खुंट कापल्याचा खरखर आवाज आला की तोच कोन धरावा. तो साधारण ३० अंशांचा असतो. जोर मुळीच लावू नये, रेझरचे वजन पुरेसे असते. दुसऱ्या हाताने कातडी हलकी ताणून बोटाच्या पेराएवढेच लहान हात मारावेत. आधी दोन्ही गाल, मग मान आणि शेवटी हनुवटी व मिशीची जागा करावी, कारण तिथले केस सर्वांत जाड असतात आणि त्यांना भिजायला जास्त वेळ मिळायला हवा.

केस ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने रेझर चालवावा. गालावर ही दिशा बहुधा वरून खाली असते, पण मानेवर ती कुठे आडवी, कुठे खालून वर असते. एक दिवसाची दाढी वाढलेली असताना बोट फिरवून पाहावे. बोट गुळगुळीत जाते ती सुलट, अडते ती उलट. अधिक साफ हवी असेल तर पुन्हा फेस लावून आडवा हात घ्यावा. उलटा हात ज्यांना सोसतो त्यांनी खुशाल घ्यावा, पण कुरळ्या केसांच्या माणसांनी तो टाळलेला बरा. उलटा कापलेला केस कातडीच्या पातळीखाली जातो आणि वाढताना वळून कातडीतच शिरतो. मानेवरच्या टणक, दुखऱ्या पुटकुळ्या पुष्कळदा अशाच असतात. एकाच जागी अनेक पाती फिरवणाऱ्या रेझरनेही हे होऊ शकते. अशा वेळी तीन-चार आठवडे दाढी वाढू द्यावी. पुटकुळी नखाने फोडू नये.

दाढी केल्याने केस जाड येतात ही समजूत अजून घरोघरी आहे. ती खरी नाही, हे १९२८ सालीच प्रत्यक्ष मोजून दाखवले गेले. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून तो हाताला राठ लागतो, एवढेच.

शेवटी थंड पाण्याने तोंड धुऊन टॉवेलने टिपावे, घासू नये. तुरटी ओली करून फिरवल्यास बारीक कापल्याचे रक्त थांबते. पण तुरटीचा खडा स्वतःचा असावा, आणि ब्लेडच्या बाबतीत तर हे फारच कडकपणे पाळायला हवे. वडील आणि दोन भाऊ एकच रेझर वापरतात, अशी घरे कमी नाहीत. ‘घरचेच तर आहेत’ हे त्याचे समर्थन! लोकांना धास्ती असते एड्सची, परंतु तो विषाणू शरीराबाहेर फार तग धरत नाही. कावीळ ‘ब’चा विषाणू मात्र वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि घरात तो कोणाला आहे हे चेहरा पाहून कळत नाही. त्यावर लस आहे. घेतली नसल्यास मोठ्यांनीही घ्यावी. सलूनमध्ये वस्तऱ्यात अर्धे ब्लेड बसवतात. ते आपल्यासमोर नवे बसवायला सांगण्यात संकोच कसला? चांगला कारागीर न सांगताच बसवतो.

ब्रश वापरून झाल्यावर साबण पूर्ण निघेपर्यंत धुवावा, झटकावा आणि हवेशीर जागी वाळवावा. पहिल्या महायुद्धाच्या काळात, घोड्याच्या केसांचे नीट निर्जंतुक न केलेले ब्रश वापरून इंग्लंड-अमेरिकेत कित्येकांना अँथ्रॅक्स हा रोग झाला होता. आज ती भीती उरलेली नाही, पण ओलसर न्हाणीघरात डबीत कोंबलेला ब्रश कुबटतोच. ब्लेड चार-पाच दाढ्यांनंतर, किंवा ओढू लागले की त्याआधीच, बदलावे. जुनी ब्लेडे कचऱ्यात सुटी टाकू नयेत, कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो. झाकणाला फट पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात ती साठवावीत आणि डबा भरला की चिकटपट्टीने बंद करून, वर ‘ब्लेड’ असे लिहून वेगळा द्यावा.

दाढीच्या भागात बारीक चपट्या चामखिळी असतील तर रेझरच्या रेषेत त्या पसरत जातात. उपचार होईपर्यंत दाढी कात्रीने किंवा मशीनने बारीक ठेवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना विजेचे शेव्हर बरे. मधुमेही रुग्णांनी चेहऱ्यावरचा फोड अंगावर काढू नये. गोल, कडा उठलेला, खाजणारा चट्टा दिसला तर तो गजकर्ण असू शकतो. त्यावर दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम स्वतःच आणून लावले तर खाज चार दिवस थांबते, चट्टा मात्र आतून पसरत राहतो आणि पुढे डॉक्टरांनाही तो ओळखणे अवघड जाते. असे मलम आधीच लावलेले असेल तर त्याची नळी सोबत घेऊनच तपासायला जावे.