लॅपटॉपचे अतितापन

लॅपटॉपमधील प्रोसेसर व ग्राफिक्स चिप यांनी निर्माण केलेली उष्णता ती बाहेर टाकणाऱ्या व्यवस्थेच्या क्षमतेपेक्षा अधिक झाल्यास जी स्थिती उद्भवते, तिला लॅपटॉपचे अतितापन असे म्हणतात. संगणकीय खेळ, चित्रफितींचे संपादन आणि त्रिमितीय आरेखन यांसारख्या दीर्घकाळ चालणाऱ्या अवजड कामांत ही स्थिती विशेषकरून आढळते. तापमान ठरावीक मर्यादेजवळ पोहोचताच यंत्र आपला वेग आपोआप कमी करते. या स्वयंचलित नियंत्रणास थर्मल थ्रॉटलिंग अशी संज्ञा आहे. खेळ मध्येच अडखळू लागला की लॅपटॉप बिघडला असा समज सहसा होतो. प्रत्यक्षात वेग मंदावणे हा बिघाड नसून चिपचे रक्षण करणारी योजना आहे. त्यामुळे मंदावलेला वेग बळेच वाढवण्यापेक्षा उष्णता साचण्याचे कारण शोधून ते दूर करणे, हाच या समस्येवरील योग्य मार्ग ठरतो.

उष्णता का निर्माण होते

आधुनिक प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात आणि ते दर सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात. या प्रत्येक क्रियेत थोडी विद्युत ऊर्जा खर्च होते व तिचे जवळजवळ संपूर्ण रूपांतर उष्णतेत होते. अशा प्रकारे खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या सम प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात वाढते. वारंवारता वाढवायची तर बहुधा विद्युतदाबही वाढवावा लागतो. परिणामी वेगात थोडी वाढ केली तरी उष्णतेत मोठी वाढ होते. याच नियमाची दुसरी बाजू उपयोगाची आहे: वारंवारता व विद्युतदाब हे दोन्ही १० टक्क्यांनी कमी केल्यास या क्रियेत खर्च होणारी शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी घटते.

ट्रान्झिस्टरचा आकार लहान होत जातो तशी त्याची विजेची गरजही त्याच प्रमाणात कमी होते, हे तत्त्व रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडले. इ.स. २००५ च्या सुमारास हे तत्त्व व्यवहारात लागू पडेनासे झाले. तेव्हापासून चिपच्या वेगावर उष्णतेची मर्यादा ठळकपणे जाणवू लागली.

पत्रलेखन किंवा संकेतस्थळ वाचन करताना प्रोसेसरला क्षणभर काम आणि मग दीर्घ विश्रांती मिळते. खेळात तशी उसंत नसते. प्रोसेसर व ग्राफिक्स चिप दोन्ही तासन्‌तास सलग राबतात आणि अनेक लॅपटॉपांत त्या दोहोंची उष्णता एकाच सामायिक व्यवस्थेतून बाहेर पडते. उदाहरणार्थ, इंटेलच्या कोअर आय७-१२७००एच या प्रोसेसरची मूळ शक्ती ४५ वॅट असली, तरी अल्पकाळाच्या कमाल वेगात ती ११५ वॅटपर्यंत जाऊ शकते. त्यात ग्राफिक्स चिपची उष्णता मिळवली, तर दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या पेटीतून केवढी उष्णता बाहेर काढावी लागते याची कल्पना येते.

शीतकरणाची व्यवस्था

चिपमध्ये निर्माण झालेली उष्णता बाहेरच्या हवेपर्यंत एका साखळीने पोहोचते. चिपच्या पृष्ठभागावर थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. त्यावर तांब्याची पट्टी दाबून बसवलेली असते. पट्टीला हीटपाइप जोडलेल्या असतात, हीटपाइपच्या टोकाला धातूच्या पातळ पात्यांची जाळी असते आणि पंखा त्या जाळीतून हवा बाहेर फेकतो.

यांपैकी थर्मल पेस्टचे महत्त्व सहज लक्षात येत नाही. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर केल्विन आहे, तर हवेची अवघी ०.०२६ च्या आसपास. गुळगुळीत दिसणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्येही सूक्ष्म खळगे असतात व त्यांत हवा अडकून राहते. ही हवा हटवून तिची जागा घेणे एवढेच पेस्टचे काम आहे. म्हणून पेस्टचा थर पातळ असणे आवश्यक असते. अधिक पेस्ट लावल्याने अधिक थंडावा मिळत नाही.

हीटपाइप ही भरीव तांब्याची कांडी नसून आतून पोकळ व बंद नळी असते. तिच्यात कमी दाबाखाली थोडे द्रव, बहुधा पाणी, ठेवलेले असते. चिपजवळच्या टोकाला द्रवाची वाफ होते, ती थंड टोकाकडे जाऊन पुन्हा द्रवरूप होते आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून परत येते. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये या साधनाचा विकास केला. अंतराळयानांसाठी उपयुक्त ठरलेले हे तंत्र आज लॅपटॉपांत सर्रास वापरले जाते.

ही साखळी कोणत्याही एका ठिकाणी कमकुवत झाली, तरी तिचा परिणाम चिपच्या तापमानावर होतो.

संरक्षक वेगनियंत्रण

प्रोसेसरच्या आतच तापमान मोजणारे संवेदक असतात. लॅपटॉपांच्या बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ ते १०५ अंश सेल्सिअस या दरम्यान असते. मर्यादा जवळ येताच प्रोसेसर वारंवारता व विद्युतदाब कमी करतो. त्यानंतरही तापमान वाढतच राहिल्यास यंत्र एकाएकी बंद होते.

या योजनेचे मोल २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने केलेल्या एका चाचणीने लोकांसमोर आले. खेळ चालू असताना प्रोसेसरवरील हीटसिंक काढून टाकण्यात आला. पेंटियम ४ ने वेग कमी करून काम चालूच ठेवले, पेंटियम ३ थांबला पण सुरक्षित राहिला, तर त्या काळचे अ‍ॅथलॉन प्रोसेसर काही क्षणांत जळून गेले. पुढे सर्वच उत्पादकांनी अशी संरक्षक व्यवस्था अंगीकारली.

क्वचित नियंत्रणाच्या आज्ञावलीतच दोष असतो. जुलै २०१८ मध्ये बाजारात आलेल्या मॅकबुक प्रोच्या नव्या आवृत्तीचा वेग अवजड कामात अपेक्षेपेक्षा फार घटत असल्याचे आढळले. फर्मवेअरमधील एक डिजिटल कळ राहून गेल्याने उष्णता व्यवस्थापनावर परिणाम झाल्याचे अ‍ॅपलने स्पष्ट केले आणि २४ जुलै २०१८ रोजी सुधारित आज्ञावली उपलब्ध करून दिली.

कारणे

धूळ: पंख्याच्या व जाळीच्या मध्ये धूळ, केस व कापसाचे तंतू साचून नमद्यासारखा थर तयार होतो. पंखा जोरात फिरत असूनही हवा बाहेर पडत नाही. जुन्या लॅपटॉपांत हे सर्वाधिक आढळणारे कारण आहे.

अडवलेली हवा: पुष्कळ लॅपटॉप तळाकडून हवा आत घेतात. गादी, उशी किंवा मांडीवर ठेवल्यास ही छिद्रे झाकली जातात.

सुकलेली पेस्ट: काही वर्षांनी थर्मल पेस्ट सुकते किंवा चिपवरून कडेला सरकते व तेथे हवेची पोकळी निर्माण होते.

सभोवतालचे तापमान: पंखा खोलीतीलच हवा वापरतो. खोली १० अंशांनी तापली, तर तेवढ्याच भारात चिपचे तापमानही साधारण तितकेच वाढते. अनेक उत्पादक लॅपटॉपच्या वापरासाठी ३५ अंश सेल्सिअस ही कमाल मर्यादा सांगतात. विदर्भात मे महिन्यात बाहेरचे तापमान ४५ अंशांवर जाते. अशा वेळी वातानुकूलन नसलेल्या खोलीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. हिवाळ्यात सुरळीत चालणारा खेळ उन्हाळ्यात अडखळण्याचे कारण हेच असते.

पडद्याआडची कामे: अद्ययावतीकरण, विषाणूशोध किंवा अनावश्यक चालू राहिलेले कार्यक्रम प्रोसेसरचा भार वाढवतात.

मूळ रचना: अतिशय पातळ लॅपटॉपांत पंखे व जाळी लहान असतात. अशा यंत्रांत काहीही बिघडलेले नसतानाही दीर्घ खेळात वेग घटणे संभवते.

निदान

खेळ मंद होण्यामागे नेहमीच उष्णता नसते. अपुरी स्मृती, मंद साठवणूक, कमी क्षमतेचा चार्जर किंवा बॅटरीवर खेळणे यांमुळेही वेग कमी पडतो. उष्णतेची खूण वेगळी असते: पहिली काही मिनिटे खेळ सुरळीत चालतो, पंख्याचा आवाज चढतो, नंतर चित्र अडखळू लागते आणि काही वेळ विश्रांती दिल्यावर वेग पूर्ववत होतो. आरंभापासूनच वेग कमी असेल, तर कारण बहुधा अन्यत्र असते.

खात्रीसाठी तापमान व वारंवारता यांची एकाच वेळी नोंद घ्यावी लागते. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हे विनामूल्य साधन त्यासाठी वापरले जाते, तर लिनक्सवर तापमान पाहण्यासाठी एलएम-सेन्सर्स हे विनामूल्य साधन वापरले जाते. तापमान मर्यादेला टेकताच वारंवारता खाली येत असेल, तर अतितापनाचे निदान निश्चित होते. तापमान ७०–७५ अंशांवर असूनही वेग कमी असेल, तर चार्जर व वीजवापराची मांडणी तपासणे उचित ठरते.

उपाय

उपाय सोप्याकडून अवघडाकडे या क्रमाने करणे हितावह असते. प्रत्येक उपायानंतर तापमान पुन्हा मोजल्यास नेमका कशाचा उपयोग झाला हे कळते.

१. लॅपटॉप कठीण व सपाट पृष्ठभागावर ठेवून त्याची मागील बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलावी. तळाची छिद्रे मोकळी झाल्याने हवा सहज आत जाते. यास काहीही खर्च येत नाही. कूलिंग पॅडचाही उपयोग होतो. मात्र त्याचा लाभ लॅपटॉपची छिद्रे कोठे आहेत यावर अवलंबून असतो.

२. खेळातील दर सेकंदाच्या चित्रांची संख्या मर्यादित करावी. पडदा सेकंदाला ६० चित्रेच दाखवू शकत असेल, तर १२० चित्रे तयार करण्यात केवळ उष्णता वाढते. छाया, प्रतिबिंबे व चित्राची सूक्ष्मता कमी केल्यानेही ग्राफिक्स चिपचा भार घटतो.

३. विंडोजच्या वीजवापर मांडणीत प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के ठेवल्यास अनेक लॅपटॉपांत टर्बो वेग बंद होतो. अनेक खेळांत ग्राफिक्स चिपचा वेगच निर्णायक असल्याने त्यांच्या गतीत फारसा फरक पडत नाही, तापमान मात्र उतरते.

४. बायोस व ग्राफिक्स चालकप्रणाली उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून अद्ययावत करावी.

५. धूळ काढावी. त्यासाठी लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा व दाबयुक्त हवेचे थोडे-थोडे झोत द्यावेत. झोताने पंखा वेगाने फिरून त्याला इजा होऊ नये म्हणून पाती काडीने स्थिर धरावीत. तळाचे झाकण उघडायचे असल्यास वॉरंटीच्या अटी आधी पाहाव्यात.

६. वरील उपायांनी फरक न पडल्यास थर्मल पेस्ट बदलावी. हे काम जाणकाराकडून करून घेणे श्रेयस्कर असते. गॅलियमयुक्त द्रवधातू पेस्टपेक्षा अधिक उष्णतावाहक असला, तरी तो वीजही वाहून नेतो व अ‍ॅल्युमिनियमला पोखरतो. त्यामुळे नवख्याने तो वापरू नये.

विद्युतदाब किंचित कमी करून उष्णता घटवण्याची पद्धतही प्रचलित आहे. तथापि, प्लंडरव्होल्ट ही सुरक्षात्रुटी २०१९ मध्ये उघड झाल्यानंतर इंटेलच्या अनेक लॅपटॉपांत ही सोय बंद करण्यात आली.

धोके व गैरसमज

लॅपटॉप शीतकपाटात किंवा बर्फाजवळ ठेवणे हा उपाय नव्हे. थंड झालेल्या भागांवर हवेतील बाष्प साठून विद्युतमंडल निकामी होऊ शकते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीजवळ स्थिर विद्युत निर्माण होत असल्याने तोही सुट्या भागांवर वापरू नये. तापमानाची मर्यादा वाढवून किंवा नियंत्रण बंद करून वेग मिळवण्याचे प्रयत्न यंत्राचे आयुष्य घटवतात.

सर्वांत गंभीर धोका बॅटरीचा असतो. लिथियम-आयन बॅटरी सततच्या उष्णतेत लवकर जीर्ण होते व कधी फुगते. टचपॅड वर उचलला जाणे, झाकण नीट न मिटणे किंवा तळ फुगीर दिसणे ही त्याची चिन्हे आहेत. अशा वेळी लॅपटॉप तत्काळ बंद करून चार्जिंग थांबवावे. बॅटरी दाबू वा टोचू नये. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावी.

तापलेला लॅपटॉप दीर्घकाळ मांडीवर ठेवल्यास त्वचेवर जाळीदार तपकिरी-तांबूस डाग पडू शकतात. महिनोन्‌महिने लॅपटॉप मांडीवर ठेवून खेळणाऱ्या १२ वर्षांच्या मुलाच्या मांडीवर असे डाग पडल्याची नोंद २०१० मध्ये पीडिअ‍ॅट्रिक्स या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

मर्यादा

स्वच्छता, नवी पेस्ट आणि योग्य मांडणी यांनी लॅपटॉप त्याच्या मूळ क्षमतेपर्यंत परत येतो. त्या क्षमतेच्या पलीकडे मात्र जात नाही. मोठे हीटसिंक व पंखे असलेल्या मेजावरील संगणकाची बरोबरी पातळ लॅपटॉप दीर्घकाळ करू शकत नाही. त्यामुळे खेळासाठी लॅपटॉप निवडताना प्रोसेसरच्या कमाल वेगापेक्षा तो वेग अर्ध्या-एक तासाच्या सलग भारात कितपत टिकतो, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

हे सुद्धा पहा

उष्णतावहन
अर्धवाहक
हीटपाइप
लिथियम-आयन बॅटरी