बर्फाची लादी आणि माणदेशचे पाणी

गेल्या वैशाखात आमच्या वाडीवर एका सधन घरचे लग्न झाले. मांडवाच्या दारी नवरानवरी येताच दोन्ही बाजूंनी पांढरे धुके सुटले आणि वरून कापसासारखे हिम पडू लागले. भर दुपारची वेळ, बाहेर ऊन मी म्हणत होते आणि मांडवात काश्मीर अवतरले! पोरेठोरे हरखून गेली. मजजवळ बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मात्र हळूच विचारले, "अण्णा, हे सारे करायला पाणी किती लागले असेल हो?" हा प्रश्न माणदेशातील माणसासच सुचावा. त्याचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. ते शोधता शोधता जी माहिती हाती आली, ती वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रस्तुत लेखकाची उभी नोकरी महसूल खात्यात लेखणी चालविण्यात गेली. त्यातील कित्येक उन्हाळे टंचाईच्या टेबलावर टँकरच्या खेपा नोंदविण्यात गेले. त्यामुळे कोणतीही वस्तू पाहिली की तिचे पाणी मोजण्याची खोड जडली आहे. वाचकांनी ती क्षम्य मानावी.

प्रथम इतिहास थोडक्यात पाहू. उष्ण देशात गारव्याची हौस जुनी आहे. अबुल फजलाच्या 'आईन-इ-अकबरी' या ग्रंथात अकबराच्या दरबारी सोऱ्याच्या योगाने पाणी गार करीत असल्याचे वर्णन आहे. दरबार पंजाबात गेल्यावर डोंगरांतील बर्फ लाहोरास आणण्याची व्यवस्था झाली. पुढे अलाहाबादेकडे हिवाळ्याच्या रात्री पेंढा घातलेल्या उथळ चरांत मातीची पसरट भांडी ठेवून पहाटे पाण्यावरील पापुद्रा गोळा करीत. त्या रीतीचे वर्णन सर रॉबर्ट बार्कर याने १७७५ साली प्रसिद्ध केले.

खरे नवल पुढेच आहे. अमेरिकेतील बोस्टन शहरच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने तळ्यांवरचा बर्फ कापून तो गलबतात भरून परदेशी विकण्याचा धंदा मांडला. १८३३ साली त्याचे 'टस्कनी' नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्यास पोचले. विषुववृत्त दोनदा ओलांडूनही सुमारे १०० टन माल शिल्लक होता! पुढल्याच वर्षी मुंबईसही बर्फ आला. जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत पाहुण्यांस आइस्क्रीम दिले. तेव्हा यजमान व पाहुणे दोघांनाही पडसे झाल्याचे वर्तमान 'मुंबई समाचार' पत्राने छापले, असे सांगतात. १८४३ साली लोकवर्गणीतून मुंबईस बर्फघर बांधले गेले. ती इमारत आता नाही, तिच्या जागी कामा प्राच्यविद्या संस्था उभी आहे. मद्रासचे बर्फघर मात्र अद्याप उभे आहे आणि विवेकानंदांच्या नावाने ओळखले जाते. पुढे यंत्राने बर्फ होऊ लागला आणि हा समुद्री व्यापार बुडाला.

चार महिन्यांच्या प्रवासात हा माल टिकला कशाने? लाकडाच्या भुशाने! बर्फास थंड ठेवावे लागत नाही, बाहेरची उष्णता त्याच्यापाशी येऊ न दिली म्हणजे पुरे. भुशातील कोंडलेली हवा हेच काम करते. आपल्या गोधडीत हेच तत्त्व आहे. ती माणसाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, भुसा बाहेरची ऊब आत येऊ देत नाही. दुसरे असे की, माल एकसंध रचलेला होता. मोठ्या ढिगाला वजनाच्या मानाने पृष्ठभाग थोडा, म्हणून तो सावकाश वितळतो. तीच लादी फोडून तुकडे केले की चारी अंगांनी ऊन लागते. या दोन गोष्टी ज्यास कळल्या, त्यास बर्फाच्या वाहतुकीचे निम्मे शास्त्र कळले.

आता कारखान्याकडे वळू. मोठ्या हौदात मिठाचे पाणी भरलेले असते. अमोनिया वायूच्या यंत्राने ते शून्य अंशाच्याही खाली थंड करतात. मिठामुळे ते गोठत नाही. त्यात साध्या पाण्याचे पत्र्याचे डबे सोडतात आणि दिवसभराने लादी तयार होते. पाणी बाहेरून आत गोठत जाते, त्यामुळे त्यातील क्षार व हवा मध्यभागी लोटली जाते. लादीचा गाभा पांढुरका दिसतो तो यामुळे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गोठल्याने पाणी शुद्ध होते असे पुष्कळांस वाटते, ते खोटे आहे. रोगजंतू गोठण्याने सर्वच मरत नाहीत. बर्फ वितळला की पुन्हा कामास लागतात. जसे पाणी, तसा बर्फ.

याचा कडू अनुभव आमच्याच घरी आला. काही वर्षांपूर्वी पुतण्याचे लग्न होते. घाटाखालच्या एका कारखान्यातून लाद्या मागविल्या. वजन तेथेच झाले, पैसेही तेथेच चुकते केले. टेंपो उघडा, वर नुसती ताडपत्री, निघण्याची वेळ सकाळी अकराची. मोगराळे घाट चढून गाडी दहिवडीस येईपर्यंत तिच्यामागे रस्ताभर पाण्याची रेघ उमटली होती. निम्मा माल वाटेतच मुरला. उरलेला फोडून घाईने मठ्ठ्याच्या पिंपात टाकला. दुसऱ्या दिवशी वीसबावीस पाहुणे उलटी-जुलाबांनी आडवे झाले आणि माझ्या वृद्ध चुलतीस दोन दिवस सलाईनवर ठेवावे लागले. दोष बर्फाचाच होता असे मी सिद्ध करू शकत नाही. परंतु तो बर्फ मासळी भरण्यासाठी केलेला होता असे मागाहून कळले. विकणाऱ्याने सांगितले नाही हे खरे, पण आम्ही तरी कोठे विचारले होते? सातबारा दहा वेळा तपासून घेणारा मी, पोटात जाणाऱ्या वस्तूची साधी चौकशी करू शकलो नाही.

आता यासाठी नियम झाला आहे. खाण्यास अयोग्य अशा बर्फात निळा रंग घालावा, म्हणजे तो दुरून ओळखता येईल, असा आदेश २०१८ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने काढला. सबब निळसर बर्फ दिसला तर तो ताटात वा पेल्यात घेऊ नये. मात्र पांढरा दिसला म्हणून डोळे मिटून विश्वासही टाकू नये. पिण्याच्या पाण्याचा आहे काय, हे विचारून पावतीवर तसे लिहून घ्यावे.

आता त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. कृत्रिम हिम चार प्रकारचे असते. पहिले खरे हिम. दाबाखालील हवा व पाणी यांचा बारीक फवारा थंड हवेत सोडला की थेंब गोठून खाली पडतात. हे यंत्र १९५० साली अमेरिकेत निघाले, आणि २०२२ सालच्या बीजिंग येथील हिवाळी खेळांत जवळजवळ सर्व हिम अशा यंत्रांचेच होते. परंतु यास हवा शून्याखाली हवी. आपल्याकडे महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी कडाक्याच्या थंडीत दव गोठते, निफाडकडे द्राक्षबागाइतदार त्याच भयाने रात्री शेकोट्या पेटवितात. पण तेवढ्यावर हिम पडत नाही. म्हणून हैदराबादेस २००४ साली बंद दालन गोठवून त्यात हा खेळ सुरू करावा लागला. दुसरा प्रकार म्हणजे लादीचा कीस करून पसरणे. तिसरा साबणाचा फेस. मांडवात उडते ते बहुधा हेच. चौथा प्रकार म्हणजे पाणी शोषून फुगणारी पांढरी भुकटी. हिच्या जातीची वस्तू शेतकऱ्यास अपरिचित नाही. जमिनीत ओल धरून ठेवण्यासाठी दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने काढलेले 'पुसा हायड्रोजेल' याच तत्त्वावर चालते. शोभेची भुकटी मात्र शेतात टाकू नये, व जनावरांच्या गव्हाणीजवळ सांडू देऊ नये.

आता हिशेब पाहा. यंत्राने केलेल्या अथवा किसलेल्या दाट हिमाच्या एका घनमीटरात चारशे ते पाचशे लिटर पाणी असते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. एवढ्या जागेवर दहा सेंटिमीटर थर द्यावयाचा तर दहा घनमीटर हिम, म्हणजे चार ते पाच हजार लिटर पाणी लागले. टंचाईच्या काळी टँकरचे पाणी माणशी दररोज २० लिटर या मानाने देण्याची रीत आहे. तेव्हा एका गुंठ्याची दोन घटकांची शोभा म्हणजे दोनशे ते अडीचशे माणसांचे एका दिवसाचे पाणी! एका लहान वाडीची खेप झाली. वैशाखात तो थर संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. फेसाला पाणी पुष्कळ कमी लागते हे न्यायाने सांगितले पाहिजे. त्या दिवशी आमच्या वाडीवर फेसच उडाला होता, असे चौकशीअंती कळले. त्या वृद्ध गृहस्थांस मी तसे जाऊन सांगितले. ते म्हणाले, "मग ठीक. पण पुढल्याला खरे हिम पाहिजे होईल." यावर मजजवळ उत्तर नव्हते.

धुक्याविषयीही दोन शब्द. ते कोरड्या बर्फाचे असते, म्हणजे गोठविलेला कार्बन डायऑक्साइड वायू, उणे ७८ अंशांचा. उघड्या हाताने धरल्यास कातडी भाजल्यासारखी होते. २०२४ साली गुरुग्राम येथे उपाहारगृहात मुखशुद्धी समजून काही जणांनी तो तोंडात टाकला आणि त्यांस रक्ताच्या उलट्या झाल्या. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खोलगट, बंद जागेत साचतो. जुने पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये हे आपल्या वाडवडिलांस ठाऊक होते. तोच नियम येथे लागू आहे. गाडीच्या बंद टपात किंवा निजण्याच्या खोलीत ही पेटी ठेवू नये. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या नळकांड्यात येतात, त्यातील द्रवरूप नायट्रोजन तर उणे १९६ अंशांचा असतो. तेथे पशुवैद्य हातमोजे घालतो, आणि मांडवात मात्र पोरे धुक्यात हात घालतात!

मग बर्फ टाकाऊच काय? मुळीच नाही. शेतकऱ्यास तो शोभेपेक्षा धंद्यात अधिक उपयोगी आहे. एक किलो बर्फ वितळताना चार किलो पाणी वीस अंशांनी थंड करतो. दुधाचे गणित यावरून सहज बसते. ४० लिटरची एक किटली ३५ अंशांवरून १० अंशांपर्यंत आणावयास सुमारे साडेबारा किलो बर्फ लागतो. गळती धरून वीस किलो समजावा. गावात शीतकरण केंद्र असेल तर हा प्रश्न नाही. परंतु वाडीवरील दूध केंद्रात पोचण्यास उशीर होतो किंवा वीज जाते, अशा दिवशी किटली बर्फाच्या पाण्यात उभी करून ठेवल्यास दूध नासून परत येण्याचे टळते. दुधात बर्फ टाकणे म्हणजे मात्र दुधात पाणी घालणे होय. ते कोणी करू नये. फुले व भाजी लांबच्या बाजारी नेतानाही हाच बर्फ दोन पैसे मिळवून देतो.

व्यवहारात पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्या :

१. वजन माल उतरताना करावे, भरताना नव्हे. आणि तसे आधीच ठरवावे.

२. गाडी रात्री किंवा पहाटे निघावी. बंदिस्त गाडी नसेल तर खाली व वर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा व गोणपाट घालावे.

३. लादी अखंड आणावी. लागेल तेवढीच फोडावी.

४. लादी फळीवर ठेवून वितळलेल्या पाण्यास वाट करून द्यावी. साचलेल्या पाण्यात बर्फ लवकर जातो. ते पाणी झाडांस घालावे.

५. पिण्याच्या पाण्यात किंवा मठ्ठ्यात बर्फ टाकण्याऐवजी पिंप बाहेरून बर्फाने वेढावे. गारवा तोच मिळतो आणि पोटास धोका नाही.

६. कोरडा बर्फ हाताळणाऱ्या माणसाखेरीज कोणासही त्याजवळ जाऊ देऊ नये.

दुष्काळी मुलुखातील माणसाने हौस करूच नये असे माझे म्हणणे नाही. शिखर शिंगणापूरच्या चैत्री यात्रेत उन्हातान्हात डोंगर चढून आलेल्या लेकरास बर्फाचा गोळा मिळाला म्हणजे त्याचे तोंड कसे फुलते, हे सर्वांनी पाहिले आहे. तो गोळा शुद्ध पाण्याचा असावा, एवढेच मागणे. परंतु माणगंगेच्या कोरड्या पात्रात झरे खणून ज्यांच्या आयाबायांनी वाटीवाटीने घागर भरली, त्यांनी गुंठाभर हिम अंथरण्यापूर्वी एकदा खेपेचा हिशेब करावा. आपल्या संघाने दोन-चार गावांच्या दूधवाल्यांस मिळून एक भुशाची पेटी व चांगल्या बर्फाची नियमित गाडी लावून दिली, तर ही हौस फायद्याची होईल. सभासदांनी येत्या बैठकीत याचा विचार करावा, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.