विश्लेषण : बुलेट ट्रेन भारताला परवडेल का? तिकिटाचा हिशेब काय सांगतो?

२०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सात नव्या हायस्पीड रेल्वे मार्गिकांची घोषणा झाली. त्यांपैकी मुंबई–पुणे आणि पुणे–हैदराबाद या दोन मार्गिका महाराष्ट्राशी थेट संबंधित आहेत. देशातील पहिली मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन मात्र अजून प्रवाशांसाठी सुरू झालेली नाही आणि तिचा अंदाजित खर्च दुपटीच्या जवळ पोहोचला आहे. विकसनशील देशाला ताशी ३०० किलोमीटरहून वेगवान रेल्वे आर्थिकदृष्ट्या परवडते का, कोणाला परवडली आणि कोणाला जड गेली, याचा हा आढावा.

परवडते म्हणजे नेमके काय?

या प्रश्नावर वाद होण्याचे मोठे कारण म्हणजे ‘परवडते’ हा शब्द तीन वेगवेगळ्या अर्थांनी वापरला जातो. पहिला अर्थ, तिकिटांच्या पैशांतून गाडी चालवण्याचा रोजचा खर्च निघतो का? यात वीज, देखभाल आणि कर्मचाऱ्यांचे पगार येतात. दुसरा अर्थ, तो खर्च भागवून मार्ग बांधण्यासाठी काढलेले कर्ज फिटते का? तिसरा अर्थ, तिकिटातून पैसे वसूल झाले नाहीत तरी वाचलेला वेळ, रस्त्यांवरची कमी झालेली वाहने, जुन्या रुळांवर मोकळी झालेली जागा यांतून समाजाचा तेवढा फायदा होतो का?

जगातील अनेक हायस्पीड मार्ग पहिल्या कसोटीवर उतरतात. दुसऱ्या कसोटीवर उतरणारे मोजकेच आहेत. टोकियो–ओसाका आणि पॅरिस–लिऑन ही त्यांची नेहमी दिली जाणारी उदाहरणे. बाकी ठिकाणी बांधकामाचा भार पूर्णपणे किंवा अंशतः सरकारी तिजोरीवर येतो. म्हणजे खरा प्रश्न तिसऱ्या कसोटीचा आहे आणि तिचे उत्तर प्रत्येक मार्गासाठी वेगळे येते.

मुंबई–अहमदाबादचा खर्च कोण उचलतो?

हा मार्ग ५०८ किलोमीटरचा आहे. त्यातील ३४८ किलोमीटर गुजरातमध्ये, ४ किलोमीटर दादरा-नगर हवेलीत आणि १५६ किलोमीटर महाराष्ट्रात आहे. एकूण १२ स्थानकांपैकी वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर ही चार आपल्याकडे आहेत. १४ सप्टेंबर २०१७ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे यांच्या हस्ते भूमिपूजन झाले, तेव्हा अंदाजित खर्च १.०८ लाख कोटी रुपये होता. त्यातील सुमारे ८१ टक्के म्हणजे ८८ हजार कोटी रुपये जपानकडून ०.१ टक्का व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीचे कर्ज म्हणून ठरले. पहिली १५ वर्षे मुद्दल फेडायचे नाही. राष्ट्रीय हायस्पीड रेल्वे महामंडळाच्या भागभांडवलात केंद्राचे १० हजार कोटी आणि महाराष्ट्र व गुजरात यांचे प्रत्येकी ५ हजार कोटी रुपये आहेत.

काम २०२३ मध्ये पूर्ण होणे अपेक्षित होते. भूसंपादन, विशेषतः महाराष्ट्रातले, लांबले. पालघर जिल्ह्यात विरोध झाला, विक्रोळीच्या जागेचा वाद उच्च न्यायालयात गेला. आता सुरतच्या बाजूचा पहिला टप्पा ऑगस्ट २०२७ मध्ये सुरू करण्याचे लक्ष्य आहे. २०२५ च्या अखेरीस रेल्वेकडून पुढे आलेला सुधारित अंदाज सुमारे १.९८ लाख कोटी रुपयांचा आहे. म्हणजे किलोमीटरमागे जवळपास ३९० कोटी रुपये.

तिकिटांतून कर्ज फिटेल का?

साधा गुणाकार करून पाहू. प्रकल्पाच्या मूळ अंदाजात सुरुवातीला एका दिशेने रोज ३५ फेऱ्या आणि १७ हजार ९०० प्रवासी धरले होते. दोन्ही दिशा मिळून रोज ३५ हजार ८००, म्हणजे वर्षाला सुमारे १ कोटी ३१ लाख प्रवासी. महामंडळाने २०१८ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुल ते अहमदाबाद या पूर्ण प्रवासासाठी ३ हजार रुपयांच्या आसपास भाडे सांगितले होते. सगळेच शेवटपर्यंत जाणार नाहीत, म्हणून प्रवाशामागे सरासरी २ हजार रुपये धरू. वर्षाचे उत्पन्न होते सुमारे २ हजार ६०० कोटी रुपये.

आता दुसरी बाजू. ८८ हजार कोटींचे मुद्दल सवलतीनंतरच्या ३५ वर्षांत समान हप्त्यांत फेडायचे म्हटले तर वर्षाला सुमारे २ हजार ५०० कोटी रुपये लागतात. म्हणजे जवळपास सगळे उत्पन्न हप्त्यातच जाईल आणि गाडी चालवण्याचा खर्च वेगळा राहील. वाढीव खर्चासाठी लागणारा पैसा तर या हिशेबात धरलेलाच नाही.

हप्ते सुरू होईपर्यंत प्रवासी वाढतील, हा प्रकल्पाच्या बाजूचा मुख्य मुद्दा आहे आणि तो चुकीचा नाही. पण किती वाढायला हवेत? आयआयएम अहमदाबादच्या, २०१६ मध्ये चर्चेत आलेल्या अभ्यासानुसार कर्ज वेळेत फेडायचे तर रोज ८८ हजार ते १ लाख १८ हजार प्रवासी आणि सुमारे १०० फेऱ्या लागतील. ३०० किलोमीटरसाठी दीड हजार रुपये भाडे धरून हे आकडे काढले होते. त्या वेळी प्रकल्पाचा अंदाजित खर्च एक लाख कोटींच्या आत होता.

व्याज जवळपास शून्य, मग अडचण कसली?

०.१ टक्का व्याजाने पहिल्या वर्षाचा व्याजाचा बोजा ८८ कोटी रुपये इतकाच होतो. देशांतर्गत बाजारातून ७ टक्क्यांनी हीच रक्कम उचलली असती तर तो ६ हजार कोटींच्या पुढे गेला असता. ही सवलत खरी आहे. पण कर्ज येनमध्ये आहे आणि उत्पन्न रुपयांत येणार आहे. रुपया येनच्या तुलनेत दरवर्षी सरासरी ३ टक्क्यांनी घसरला, तर साधारण २४ वर्षांनी रुपयांतला हप्ता दुप्पट होतो. अलीकडच्या काळात येनच कमजोर राहिल्याने हा धोका जाणवलेला नाही, पण ५० वर्षांच्या कर्जात तो गृहीत धरावाच लागतो.

‘एवढ्या पैशांत मुंबईची लोकल सुधारली असती’ हा आक्षेपही नेहमी घेतला जातो. त्याला अर्धेच उत्तर मिळते. जपानचे कर्ज याच प्रकल्पासाठी आणि शिंकान्सेन तंत्रज्ञानाशी बांधलेले आहे, ते लोकलकडे वळवता येत नाही. मात्र केंद्र व राज्यांचे भागभांडवल आणि वाढीव खर्चाचा आपल्या वाट्याचा भाग हा आपलाच पैसा आहे. करोनापूर्वी रोज सुमारे ७५ लाख प्रवासी वाहणाऱ्या आणि वर्षाला दोन हजारांहून अधिक बळी जाणाऱ्या उपनगरी रेल्वेशी त्या पैशाची तुलना होणारच.

जपान आणि चीनला कसे जमले?

जपानने टोकियो–ओसाका शिंकान्सेन बांधली तेव्हा तोही कर्ज काढणाराच देश होता. १९६१ मध्ये जागतिक बँकेने त्यासाठी ८ कोटी डॉलर दिले. तिथेही खर्च जवळपास दुप्पट झाला आणि रेल्वेप्रमुख शिंजी सोगो यांना १९६३ मध्ये पद सोडावे लागले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी गाडी सुरू झाली आणि तीन वर्षांच्या आत १० कोटी प्रवाशांनी तिचा वापर केला. या पट्ट्यात देशातील सर्वात मोठी शहरे आणि कारखाने एका रांगेत होते, जुना मार्ग भरून वाहत होता. पण यशानंतर राजकीय दबावाने कमी प्रवाशांच्या भागांतही नवे मार्ग गेले. १९८७ मध्ये जपानी रेल्वेचे खासगीकरण झाले तेव्हा तिच्यावर सुमारे ३७ लाख कोटी येनचे कर्ज होते. तोट्यातले जुने मार्ग आणि वाढता पगारखर्चही त्याला कारणीभूत होता.

चीनने २००८ मध्ये बीजिंग–तियानजिन मार्ग सुरू केला तेव्हा त्याचे दरडोई उत्पन्न साडेतीन हजार डॉलरच्या आसपास होते. भारताचे आजचे उत्पन्न त्याहूनही कमी आहे. चीनची ताकद बांधकामाच्या खर्चात दिसली. जागतिक बँकेच्या २०१९ च्या अहवालानुसार तिथे किलोमीटरमागे १.७ ते २.१ कोटी डॉलर लागले. एकाच आराखड्याचे पूल आणि रूळ हजारो किलोमीटर वापरल्याने हे साधले. आपला सुधारित आकडा किलोमीटरमागे साडेचार कोटी डॉलरच्या घरात जातो. त्यात ठाणे खाडीखालच्या ७ किलोमीटरच्या भुयाराचा समावेश आहे आणि मधल्या काळातली महागाईही आहे, तरी अंतर मोठे आहे.

त्याच अहवालाने चीनच्या जाळ्याचा आर्थिक परतावा २०१५ मध्ये ८ टक्के असल्याचे म्हटले. १,३१८ किलोमीटरचा बीजिंग–शांघाय मार्ग नफा कमावतो, त्याची कंपनी २०२० मध्ये शेअर बाजारात आली. दुसरीकडे, पश्चिमेकडच्या विरळ वस्तीतील मार्गांवर गाड्या रिकाम्या धावण्याची टीका होते आणि चीनच्या सरकारी रेल्वेवर सुमारे ६ लाख कोटी युआनचे कर्ज आहे. त्यामुळे ‘चीनला परवडले’ असे म्हणताना चीनच्या कोणत्या मार्गाबद्दल बोलतो आहोत, हेही सांगावे लागते.

इंडोनेशियाचा अनुभव आपल्या जवळचा का?

जकार्ता–बांडुंग ही १४२ किलोमीटरची ‘वूश’ गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. जपानने इथेही ०.१ टक्का व्याज देऊ केले होते, पण सरकारची हमी मागितली. चीनने हमीशिवाय २ टक्क्यांनी कर्ज देऊ केले आणि काम मिळवले. खर्च ६ अब्ज डॉलरवरून ७ अब्जांच्या पुढे गेला. सरकारी पैसा लागणार नाही असे सांगितले गेले होते, तरी २०२१ मध्ये तो घालावा लागला.

गाडी तीन तासांचा प्रवास पाऊण तासावर आणते आणि उत्तम चालते. पण जकार्ताचे हालिम स्थानक शहराच्या पूर्व भागात आहे आणि बांडुंगकडील स्थानके शहराच्या मध्यापासून लांब आहेत. पाडालारांग स्थानकावर उतरून शहरात जाण्यासाठी दुसरी गाडी पकडावी लागते. त्यामुळे वाचलेला वेळ दोन्ही टोकांना खर्च होतो. सुधारित अंदाजात रोज ३१ हजार प्रवासी धरले होते, प्रत्यक्षात २०२४ मध्ये सरासरी १७ हजारांच्या आसपासच राहिले. त्या वर्षी प्रकल्पातील इंडोनेशियन भागीदार कंपनीला ४ लाख कोटी रुपियांहून अधिक तोटा झाला. भारतीय चलनात ही रक्कम २ हजार कोटी रुपयांच्या वर जाते. कर्जाची फेररचना हा आता तिथला राजकीय विषय आहे.

खर्च आटोक्यात ठेवता येतो का?

मोरोक्कोने तसा प्रयत्न केला. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली ‘अल बोराक’ गाडी टँजिअर ते कासाब्लांका ३२३ किलोमीटर जाते. त्यातील सुमारे १८६ किलोमीटरच नवा हायस्पीड मार्ग आहे. तिथे ती ताशी ३२० किलोमीटरने धावते आणि पुढे जुन्याच रुळांवरून शहरात शिरते. महागडी शहरी जमीन आणि भुयारे टळली. २०२३ मध्ये प्रवासी ५० लाखांपुढे गेले आणि आता मार्राकेशपर्यंतचा विस्तार सुरू आहे.

भारतात हे सहज शक्य नाही. आपले रूळ १,६७६ मिलिमीटर रुंदीचे ब्रॉडगेज, तर शिंकान्सेनचे १,४३५ मिलिमीटरचे. त्यामुळे बुलेट ट्रेन अहमदाबादहून पुढे राजकोटला किंवा इकडे सीएसएमटीला नेता येणार नाही. प्रत्येक किलोमीटर नव्याने बांधावा लागेल आणि स्थानकावर उतरून गाडी बदलावी लागेल.

मुंबई–पुणे मार्गासाठी याचा अर्थ काय?

मुंबई–अहमदाबाद पट्ट्यात सुरत, भरूच, वडोदरा, आणंद अशी शहरांची रांग आहे. ५०० किलोमीटर हे अंतरही हायस्पीड रेल्वेला अनुकूल आहे. वंदे भारतला साधारण साडेपाच तास लागतात, बुलेट ट्रेनला दोन ते तीन तास लागतील. देशात एखादा मार्ग टिकण्याची शक्यता असेल तर तो हाच.

मुंबई–पुण्याची गोष्ट वेगळी आहे. प्रवासी भरपूर आहेत, पण अंतर जकार्ता–बांडुंगसारखे कमी आहे. समजा बोरिवलीच्या प्रवाशाला हिंजवडीला जायचे आहे. गाडीचा प्रवास पाऊण तासाचा झाला, तरी त्याआधी मुंबईतल्या स्थानकापर्यंत एक तास आणि पुण्यात उतरल्यावर पुन्हा तेवढाच वेळ गेला, तर तो द्रुतगती मार्गावरची शिवनेरी किंवा स्वतःची मोटार सोडेलच असे नाही. घाटातली भुयारे खर्च वाढवतील ते वेगळेच. पुणे–हैदराबादचे अंतर योग्य आहे, पण मध्ये सुरत-वडोदऱ्यासारखी मोठ्या शहरांची साखळी नाही.

म्हणून या मार्गांचे प्रकल्प अहवाल हाती येतील तेव्हा कमाल वेगाच्या आकड्याआधी तीन गोष्टी तपासायला हव्यात. रोजचे किती प्रवासी धरले आहेत आणि ते आज कशाने प्रवास करतात? स्थानक कुठे आहे आणि ते पहिल्या दिवसापासून मेट्रो किंवा लोकलला जोडलेले असेल का? प्रवासी अंदाजाच्या निम्मेच आले तर फरक केंद्र भरेल की राज्य? मुंबई–अहमदाबादमध्ये ठाण्याचे स्थानक म्हातार्डी इथे, जुन्या ठाणे स्थानकापासून दूर आहे. तिथली जोडणी गाडी सुरू होण्याआधी तयार होते की नंतर, यावर त्या स्थानकाचे प्रवासी बरेचसे अवलंबून असतील.