बाळाच्या यकृताचा कर्करोग: आईचं काही चुकलं का?

दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या यकृतात गाठ निघाली की घरातला पहिला प्रश्न बहुतेकदा आईलाच असतो. गरोदरपणात काय खाल्लंस? ग्रहणात बाहेर गेली होतीस का? म्हणून आधीच सांगते, ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. बहुतेक मुलांमध्ये तर डॉक्टरांनाही नेमकं कारण सापडत नाही.

लहान मुलांच्या या कर्करोगाला हेपॅटोब्लास्टोमा म्हणतात. तो फार दुर्मीळ आहे. वर्षाला दहा लाख मुलांमागे साधारण १ ते २. बहुतेक मुलं तीन वर्षांच्या आतली असतात.

धोका सर्वात ठळकपणे वाढतो तो जन्मवजन दीड किलोपेक्षा कमी असेल तेव्हा. जपानमधल्या डॉक्टरांनी १९९०च्या दशकात हे दाखवून दिलं. पण घाबरू नका, अशा बाळांपैकीही बहुसंख्यांना हा आजार कधीच होत नाही. बेकविथ-विडेमनसारखा जन्मजात आजार असेल (जीभ मोठी, शरीराची एक बाजू जास्त वाढलेली), तर डॉक्टर पहिली काही वर्षं दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी सांगतात. ती चुकवू नका.

आता बाबांकडे वळू. आई-वडिलांच्या धूम्रपानामुळे मुलांना हेपॅटोब्लास्टोमा होऊ शकतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये काढला. आई-वडिलांच्या, फक्त आईच्या नाही! तेव्हा बाळाचा विचार सुरू झाला की सिगारेट दोघांचीही बंद.

थोड्या मोठ्या मुलांमध्ये यकृताच्या कर्करोगाचं एक मोठं कारण म्हणजे हिपॅटायटिस बी. तो बाळंतपणात आईकडून बाळाला लागू शकतो. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना याची लस द्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथल्या मुलांमधला हा कर्करोग जवळपास निम्म्यावर आला. आपल्याकडे सरकारी रुग्णालयात ही लस जन्मानंतर २४ तासांच्या आत मोफत मिळते. बेंगळुरूत बाळंतपण असेल तर तायी कार्डावर (कन्नडमध्ये तायी म्हणजे आई) तिची नोंद झाली का ते घरी निघण्यापूर्वी बघा. आईची तपासणी पॉझिटिव्ह असेल तर बाळाला लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही लागतं, शक्यतो १२ तासांच्या आत. त्यामुळे ही तपासणी गरोदरपणातच करून घ्या.

अंघोळ घालताना बाळाच्या पोटात उजवीकडे कडक गाठ लागली, भूक मंदावली किंवा वजन घटलं तर थांबू नका, लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बेंगळुरूत होसूर रोडवरच्या किदवई संस्थेत मुलांच्या कर्करोगाचा स्वतंत्र विभाग आहे. केमोथेरपीने गाठ लहान करून शस्त्रक्रियेने पूर्ण काढता आली, तर यातली बहुतेक मुलं बरी होतात.