बुद्धीचा बाजार, साखळीची वही आणि सभासदाचं मत



ऊसबिल खात्यावर पडलं की खतवाले, ठिबकवाले, ट्रॅक्टरवाले आपोआप दारात उभे राहतात, हे काही नवीन नाही. अलीकडे त्यांत मोबाईलवरून निरोप धाडणाऱ्यांची भर पडली आहे. ‘एआयचं टोकन घ्या, ही साऱ्या जगाची सहकारी संस्था आहे, मालक कुणी नाही, सगळेच भागीदार!’ सहकाराचं नाव निघालं की आपले कान टवकारणारच. तेव्हा ही भानगड मुळात काय आहे, त्यात दाणा किती आणि फोलपट किती, ते जरा पाखडून पाहू.

मूळ तक्रार खरी आहे. कृत्रिम बुद्धीची मोठी यंत्रं घडवायला हजारो महागड्या चिप्स, अफाट वीज आणि डोंगराएवढी माहिती लागते. ही ऐपत जगातल्या मोजक्या कंपन्यांची. बाकीच्यांनी त्यांच्या दारी जायचं आणि त्यांच्या भावाने बुद्धी विकत घ्यायची. पेठेत गूळ नेल्यावर अडत्या सांगेल तो भाव घेणारी आपली मागची पिढी हे दुखणं लगेच ओळखेल. त्यावर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला उत्तर काढलं आणि १९५०-५१ साली प्रवरेच्या कारखान्याचा पहिला हंगाम निघाला. काही संगणकवाल्यांनी २०१७ च्या सुमारास आपल्या परीने उत्तर शोधलं. ज्याच्याकडे बुद्धीचं जे अवजार असेल ते त्याने सामाईक बाजारात मांडावं, ज्याला हवं त्याने वापरावं, आणि पैशाचा हिशोब ‘ब्लॉकचेन’ नावाच्या वहीत पडावा.

ही वही समजायला अवघड नाही. समजा, काट्यावरच्या प्रत्येक खेपेची नोंद फक्त कारखान्याच्या दप्तरात न राहता हजारो सभासदांच्या घरच्या वहीत एकाच वेळी उतरली, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागच्या पानावरून काढलेला एक खुणेचा आकडा असला. मागचं एक अक्षर खोडलं तरी तो आकडा जुळत नाही आणि पुढची सगळी पानं चूक ठरतात. एका घरची वही बदलून भागत नाही, बाकीच्या वह्या बोलतात. खाडाखोडीला जागा नाही, हा तिचा मोठा गुण.

पण मुळात काटाच मारला असेल तर? मग ते खोटं वजनसुद्धा ही वही इमानदारीने कायमचं जपून ठेवील.

या बाजारांपैकी गाजलेला एक म्हणजे सिंग्युलॅरिटीनेट. त्याचे संस्थापक बेन गोर्टझेल हे सोफिया नावाचा बोलका यंत्रमानव करणाऱ्या हाँगकाँगच्या हॅन्सन रोबोटिक्समध्ये मुख्य शास्त्रज्ञ होते. डिसेंबर २०१७ मध्ये टोकनं विक्रीला काढली आणि साधारण एका मिनिटात ३ कोटी ६० लाख डॉलर गोळा झाले. बाजार उभा राहायच्या आधीच! काम चालतं ते असं: कुणी चित्रं ओळखणारा प्रोग्रॅम मांडतो आणि दर लावतो. वापरणारा टोकनं अनामत ठेवतो. काम होईल तसे त्यातून पैसे वळते होतात. मात्र खुद्द गणित त्या वहीत होत नाही. ते मांडणाऱ्याच्या किंवा त्याने भाड्याने घेतलेल्या संगणकावरच चालतं. वहीत पडतो तो फक्त सौदा आणि पैसा. आलेलं उत्तर बरोबर की चूक, हे वहीला कळत नाही. काट्याचा प्रश्न म्हटला तो हाच.

त्यावर बिटटेन्सर नावाच्या दुसऱ्या जाळ्याने तोड काढली. तिथे एक गट उत्तरं तयार करतो, दुसरा ती तपासून गुण देतो आणि त्या गुणांप्रमाणे टोकनं वाटली जातात. ‘टाओ’ नावाची टोकनं एकूण २ कोटी १० लाखांपुढे जाऊ द्यायची नाहीत, असा नियम आहे. डोकं चालवलेलं आहे यात शंका नाही. पण तपासणाऱ्याच्या गुणांना वजन किती, हे त्याच्या पाठीशी किती टोकनं गुंतवली आहेत त्यावर ठरतं. म्हणजे उतारा काढणाऱ्या केमिस्टचा शब्द त्याच्या विद्येवर नव्हे, तर अनामतीवर तोलायचा!

जुलै २०२४ मध्ये तिथे चोरी झाली. सॉफ्टवेअरच्या एका पुडक्यात कुणीतरी खोट मिसळली होती. ते उतरवून घेणाऱ्यांच्या किल्ल्या चोरांच्या हाती गेल्या आणि सुमारे ८० लाख डॉलरचे टाओ लंपास झाले. तेव्हा जाळं चालवणाऱ्या फाउंडेशनने व्यवहारच थांबवले. चोरी रोखायला ते योग्यच होतं. पण ज्याला मालक नाही म्हणतात त्याचा मेन स्विच एका हाताशी होता, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

आता मतदानाकडे येऊ, कारण आमच्या मते सगळं पाणी इथेच मुरतं. आपल्याकडे एक एकरवाला आणि पंचवीस एकरवाला, दोघांचंही मत एकच. शेअर्स कितीही असोत, १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याची ती रीत आहे. टोकनांच्या संस्थांत बहुधा उलट चालतं, जितकी टोकनं तितकं मत. ही कंपनीची रीत झाली, तिला सहकार म्हणू नये. (आपल्याकडेही त्या एका मतासाठी काय काय होतं, हे सभासद जाणतातच, पण निदान एकट्याला ते शंभर वेळा पेटीत टाकता येत नाही.)

मार्च २०२४ मध्ये सिंग्युलॅरिटीनेट, फेच-एआय आणि ओशन प्रोटोकॉल या तिघांनी एकत्र येण्याचं जाहीर केलं. जुलैपासून टोकनं बदलून देणं सुरू झालं. सिंग्युलॅरिटीनेटच्या एका टोकनाला फेचचं अर्ध्याहूनही कमी, ०.४३३३५. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओशन बाहेर पडली आणि टोकनांवरून जाहीर वादावादी झाली. वही शाबूत होती, भांडण माणसांचं होतं.

तेव्हा टोकन म्हणजे शेअर नव्हे. जिल्हा बँकेत ते तारण चालत नाही आणि पैसे बुडाले तर सहकार खात्याकडे दाद मागता येत नाही. एप्रिल २०२२ पासून असल्या मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एकात आलेला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करू देत नाहीत. सोसायटीचा हप्ता आणि लेकरांची फी यांसाठी ठेवलेलं ऊसबिल त्यात घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

असं असलं तरी या खटाटोपात आपल्या कामाची एक गोष्ट सापडते. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साथीने उसात कृत्रिम बुद्धीचा प्रयोग चालवला आहे. हवामान यंत्र, मातीतले सेन्सर आणि उपग्रहाची चित्रं यांवरून पाणी, खत, रोगराई यांचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतो. असे प्रयोग वाढणार, आणि वाढावेतही. पण त्या यंत्रांना लागणारा खुराक आपल्या रानातला आहे: मातीचा कस, लागणीची तारीख, खोडव्याचं टनेज, उतारा. वर सांगितलेल्या ओशनने याबाबत एक रीत मांडली होती. माहिती मालकाच्या संगणकाबाहेर न्यायचीच नाही. हिशोब करणाऱ्या प्रोग्रॅमने तिथे यायचं आणि निष्कर्ष तेवढा घेऊन जायचा. ऊस आपल्याच रानात राहावा आणि चरकाने बांधावर यावं, तसं. या रीतीला टोकन लागतंच असं नाही. कारखान्याच्या स्वतःच्या संगणकावरही ती बसवता येईल.

उद्या शेतकी खात्याच्या नोंदी कुणा कंपनीला देण्याचा करार पुढे आला, तर माहिती कुणाच्या नावे राहणार, ती पुढे विकली गेली तर पैसा कुणाकडे जाणार आणि करार संपल्यावर ती पुसली जाणार का, हे तीन प्रश्न वार्षिक सभेत आपणच विचारायचे आहेत. प्रश्न लेखी द्यावे लागतात; त्याची मुदत सभेच्या नोटिशीत छापलेली असते.