ब्रशातला संगमरवर

मंगल कार्यालयातल्या खांबांना हात लावून पाहायची मला खोड आहे. खरा संगमरवर मे महिन्यातही तळव्याला गार लागतो, रंगवलेला लागत नाही. एका लग्नात असाच एक खांब मला हात लावेपर्यंत फसवून गेला. त्यावर करड्या रेषा होत्या, त्यांच्याखाली आणखी पुसट रेषा होत्या, आणि दोन-अडीच फुटांवर केसाएवढी बारीक आडवी रेघ होती. मला दाद द्यावीशी वाटली ती त्या आडव्या रेघेला. दगड खाणीतून अखंड भिंत होऊन येत नाही, लाद्या होऊन येतो, आणि लादी म्हटली की सांधा आला. एवढं ज्याला कळलं, त्याला हा धंदा निम्मा कळला.

या कामाला आपल्याकडे सरसकट ‘टेक्श्चर’ म्हणतात. मग ते संगमरवराचं असो, सागवानाचं असो की गंजलेल्या लोखंडाचं. कला मात्र जुनी आहे. पॉम्पेईतल्या इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या घरांत गिलाव्यावर रंगीत दगडी चिरे उठवलेले आहेत. जॉर्ज वॉशिंग्टन यांचं माउंट व्हर्नन हे घर लाकडी, पण फळ्यांच्या कडा तासून, ओल्या रंगावर वाळू मारून ते दगडी भासवलेलं. इंग्लंडमधल्या टॉमस केरशॉ या कारागिराने (1819–1898) रंगवलेले लाकडाचे आणि संगमरवराचे नमुने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जपले आहेत. ब्रुसेल्समध्ये तर 1882 पासून हेच शिकवणारी व्हान डेर केलेन ही शाळा चालू आहे. आणि आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. 1890 साली कोल्हापुरात जन्मलेले बाबूराव मेस्त्री सिनेमाकडे वळण्याआधी नात्यातल्याच आनंदरावांबरोबर संगीत नाटकांचे पडदे रंगवत होते. कापडावर महाल उभा करणारे ते हात. लोक त्यांना बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखतात.

शिकायला सुरुवात करायची तर आधी ब्रश घेऊ नका, दगडाच्या गोदामात जा. तासभर नुसते पाहा. संगमरवरातल्या रेषा साधारण एका तिरक्या दिशेने वाहतात, नदीसारख्या फुटतात आणि पुन्हा मिळतात. फुलीसारखा छेद क्वचितच दिसतो आणि दोन रेषा समांतर तर जवळजवळ नसतातच. नवशिका हात नेमका उलट वागतो. रेषा सारख्या अंतरावर, सारख्या जाडीच्या, विजेच्या नागमोडीसारख्या. त्यासाठी जुन्या कारागिरांची युक्ती अशी की ब्रश किंवा पक्ष्याचं पीस टोकाशी सैल धरायचं आणि ओढता ओढता बोटांत फिरवायचं, म्हणजे हाताचा ताबा थोडा सुटतो. भिंतीवर आधी पांढरा बेस, त्यावर ग्लेझ म्हणजे पारदर्शक माध्यमात अगदी थोडा रंग. ते ओलं आहे तोवर रेषा ओढायची आणि कोरड्या मऊ ब्रशने हलकेच विरवायची. वाळल्यावर दुसरा थर, म्हणजे खोली येते. पाण्याचं ग्लेझ उन्हाळ्यात काही मिनिटांत वाळतं, म्हणून एका वेळी एकच लादी घ्यावी आणि शेजारची टेप लावून झाकावी. शेवटी पाण्याचं क्लिअर वार्निश. तेलाचं वार्निश पांढऱ्या संगमरवराला काही काळाने पिवळट करतं.

लाकडाचं काम वेगळं. तिथे कंगव्यासारखी दातेरी पट्टी ओल्या थरावरून ओढून रेषा काढतात. युरोपातले जुने कारागीर शिळ्या बिअरमध्ये रंगाची पूड कालवत, कारण तिच्यातला चिकटपणा रंग धरून ठेवायला पुरतो. गिऱ्हाइकाला हे सांगायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

पण हे सगळं उभं राहतं लांबीवर, म्हणजे पुट्टीवर. भिंत चांगली घासलेली नसेल, तर संगमरवरावर थापीचे वळ उठतात आणि दिव्याच्या तिरप्या उजेडात गिऱ्हाईक ते आधी पाहतं. ओल असेल तर काम घेऊच नये. आधी गळती बंद करून घ्या, भिंत सुकू द्या, मग भाव सांगा. कोकणात पावसाळ्यात थर वाळता वाळत नाही. आणि नेमकी मागणी येते ती गणपती-दिवाळीच्या तोंडावर. तेव्हा पावसाळ्यात नमुने करावेत.

नमुने म्हणजे दुकानच समजा. दीड-दोन फुटी प्लायवुडवर दहा-बारा फिनिश पुरे करा, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. काळ्यावर सोनेरी रेषांचा पोर्तोरो, पांढऱ्यावर करडा करारा, मकराण्यासारखा दुधी, दोन लाकडं. बोर्ड गिऱ्हाइकाच्याच खोलीत, त्याच्याच दिव्याखाली ठेवून दाखवा. पसंत पडला की त्याच्या मागे दोघांच्या सह्या घ्या. ‘असं म्हटलं नव्हतं’ हे वाक्य तिथेच मरतं.

चौरस फुटाचा दर विचारून सुरुवात करणारे बहुतेक जण तोंडघशी पडतात. उदाहरण घेऊ. दहा बाय नऊची भिंत, म्हणजे 90 चौरस फूट. दोन माणसं तीन दिवस, रोज 900 रुपये धरले तर मजुरी 5,400. रंग, ग्लेझ, वार्निश 2,500. टेप, प्लास्टिक, ने-आण 800. नमुना बोर्डाचा खर्च 500. झाले 9,200. त्यावर पाव हिस्सा नफा, म्हणजे 11,500. चौरस फुटाला साधारण 128 रुपये. शेजारचा 80 रुपयांनी करतो म्हणून तुम्हीही 80 म्हणालात, तर 7,200 मिळतील आणि दोन हजार पदरचे जातील. लहान भिंतीला मांडामांड तेवढीच लागते, म्हणून किमान रक्कम ठरवून ठेवावी. साहित्यापुरती आगाऊ रक्कम मागायला लाजू नये.

कागदपत्रांचं फार अवघड नाही. उद्यम नोंदणी फुकट होते, एजंटाला पैसे द्यायचं कारण नाही. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सेवा व्यवसायाला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. मुद्रा योजनेच्या शिशू गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकतं, आणि ब्रश-बोर्ड-शिडीला तेवढं भरपूर झालं. रंग निवडताना शिशाकडे लक्ष ठेवा. 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम आहे. जुनी इमारत घासताना मात्र त्याआधीचे थर निघतात, म्हणून पाणी मारून घासा, मास्क घाला आणि लहान मुलांना लांब ठेवा.

पहिलं काम कुठे करायचं? स्वतःच्या घरात, पण हॉलमध्ये नाही. बाथरूमच्या दाराची चौकट किंवा जिन्याखालची भिंत घ्या. तिथे चूक झाली तर घासून पुन्हा करता येते आणि घरचेही फार बोलत नाहीत. संगमरवर शोभेल तिथेच करा. छताला किंवा दाराच्या पल्ल्याला दगड लावलेला पाहणारा माणूस आधी डोकं वर करून विचार करतो, हे पडणार कसं नाही?

काम संपल्यावर उरलेले ग्लेझ आणि रंग डब्यांत झाकून ठेवायचे, झाकणावर घराचं नाव, तारीख आणि प्रमाण लिहायचं. कारण एसीवाला येणार आहे, आणि भोक पाडायला त्याला त्याच भिंतीवरची, तुम्ही सर्वांत मन लावून काढलेली रेषा सापडणार आहे.